मिठाला भिणारे हेडाऊ सर

हेडाऊ सरांच्या दारात पाऊल टाकलं की "ये, कशी आहेस?" असं कधी ऐकू आलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय खाऊन आली?" याचं उत्तर खरंच द्यावं लागे, कारण सरांना संशय आला तर ते सरळ बोटं हुंगत. तर्री-पोहे खाऊन आलेल्या माणसाची रवानगी बेसिनकडे होई. चिवडा खाऊन आलेल्याची दोनदा. हात धुतल्यावर ते टॉवेलला पुसायचे नाहीत, पंख्याखाली पसरून वाळवायचे, आणि तोवर गप्प बसायचं. दाखवायला आणलेल्या मुलीसारखी मी त्या खुर्चीवर किती वेळा बसले असेन, त्याची गणती नाही.

हा सगळा सोहळा त्रेचाळीस देवांसाठी होता. सरांकडे कांशाची जुनी नाणी होती, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि प्रत्येकावर एकेक देव होता. राजाचा नुसता चेहरा असलेलं नाणं ते फुकट दिलं तरी घेत नसत. "राजे लई झाले अन् गेले. त्यायले पाहून काय करतं?" असं म्हणत. त्यांना देव लागे. बैलाला टेकून उभा शिव, सहा तोंडांचा कार्तिकेय, किरणांचं वलय घेतलेला सूर्य, आणि एक वारा. हा वारा मला सगळ्यांत आवडायचा. दाढीवाला, केस उडालेले, अंगावरचं वस्त्र दोन्ही हातांत फडकवत धावणारा देव, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. सरांचे वडील उमरेडला माग चालवत. कापडातलं सूत मोजायचं त्यांचं एक पितळी भिंग होतं, त्यातून सर मला तो वारा दाखवत आणि स्वतः मात्र श्वास रोखून धरत. श्वासात ओल असते म्हणून.

असा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी प्रेमानं लिहिते आहे, पण खरं तेच लिहिते आहे.

कोराडीच्या वीज केंद्रात आमची रसायनशाळा होती. सर तिथले मुख्य केमिस्ट आणि मी नवी कोरी, एमएस्सीचं प्रमाणपत्र अजून प्लास्टिकमध्ये असलेली. बॉयलरच्या पाण्यात मीठ, म्हणजे क्लोराइड, शिरलं तर पोलादी नळ्या आतून खाल्ल्या जातात, म्हणून ते पाणी रोज तपासायचं. परीक्षानळीत पाणी घ्यायचं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं तर ठीक. दुधाळ झालं तर मीठ आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात माझी नळी दुधाळ झाली. सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कंट्रोल रूमला तीनदा फोन केला, नवा नमुना आणायला स्वतः धावले, आणि दुसऱ्यांदा तपासलं तर पाणी नितळ. मीठ माझ्या बोटाच्या घामाचं होतं. नळीच्या तोंडावर मी अंगठा धरला होता. आता नोकरी जाते की राहते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सर खुर्चीत बसले, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं. तुया अंगठ्याचा घाम निघाला. खरंच मीठ असतं अन् बॉयलरची नळी फुटली असती तर खाली चार माणसं होते." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भीत जाय, पोरी. जो भेत नाही तो मरते, अन् दुसऱ्यालेबी संगं नेते."

हे त्यांचं ब्रीदवाक्य होतं. रस्ता ओलांडताना, गॅसचं बटण बंद करताना, लिफ्टचं दार लागताना ते हेच म्हणत. प्रयोगशाळेत डबा खायला बंदी, लोणच्याची बाटली तर फाटकाबाहेर. लोक त्यांच्या मागे हसत आणि त्यांच्यासमोर मुकाट्यानं हात धूत. मीही हसत असे. पण एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही माणूस जखमी झाला नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी बेसाला घर बांधलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोराडीची राख पोचणार नाही असं मोजूनमापून. पुढे त्यांच्याच सांगण्यावरून मी तिथे दोन गल्ल्या सोडून फ्लॅट घेतला. घरात सर आणि कुसुमकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. देव एका स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि डबा कपाटात. पावसाळ्याचे चार महिने कपाट उघडायचं नाही, असा सरांचा चातुर्मास होता.

या भीतीत तथ्य आहे हे मला पटलं ते एका जॅमच्या बाटलीमुळे. एका रविवारी सर माझ्या दारात उभे. हातात बाटली, बाटलीत कापसावर एक नाणं, नव्यानं मिळालेलं, त्रेचाळिसांत अजून न मिसळलेलं, शिव आणि नंदी असलेलं. नंदीच्या वशिंडावर मोहरीएवढा फिकट हिरवा ठिपका होता.

"हे तुयाकडे राहू दे," सर म्हणाले. "माह्या घरात नको. बाकीच्यायले लागन."

"सर, हे काय देवी-कांजण्या आहेत का लागायला?"

"लागते," ते म्हणाले. चेष्टेचा सूर त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. "मीठ शिरलं आहे याच्या पोटात. आता हे थांबत नाही. ओल लागली का मीठ कांसं खाते, अन् खाऊन संपलं का पुन्हा मीठच उरते. पुन्हा खाते."

मी बाटली बाल्कनीतल्या कपाटात ठेवली आणि विसरले. दोन पावसाळे गेले. एक दिवस झाडलोट करताना बाटली हाताला लागली, उजेडात धरली, तर नंदी नव्हता. शिवाचा एक पाय आणि काठाचा तुकडा उरला होता, बाकी सगळी पोपटी भुकटी. मी ती सरांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ बाटली हातात धरली आणि म्हणाले, "दोन हजार वर्सं जमिनीत राहिला. माह्याकडे आला अन् मेला." त्या दिवशी काकूंनी केलेलं जेवण त्यांना गेलं नाही.

तरी हा माणूस लोभी नव्हता असं कसं म्हणू? लोभ होताच. फक्त भीती त्याच्यापेक्षा मोठी होती. पवनीकडचा एक गृहस्थ त्यांचा नंबर शोधून फोन करत होता. घराचा पाया खणताना मडकं लागलं, त्यात नाणी आहेत, म्हणाला. सरांनी त्याला घरी न बोलावता सीताबर्डीला मेट्रोखालच्या एका रसवंतीत बोलावलं, आणि सोबतीला मला नेलं. एकटं जायला भीती वाटत होती, असं त्यांनीच सांगितलं. त्या माणसानं टेबलाखाली रुमालाची गाठ सोडली. मातीनं माखलेली दहा-बारा नाणी होती. वरच्याच नाण्यावर कमळात उभी लक्ष्मी आणि दोन बाजूंनी तिच्यावर पाणी ओतणारे दोन हत्ती. ही गजलक्ष्मी सर वीस वर्षं शोधत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले होते.

"पायात सापडलं ना?" सर त्याला म्हणाले. "मग हे तुह्यंबी नाही अन् माह्यंबी नाही. कलेक्टर हापिसात सांगा लागते. चाल, मी येतो संगं."

तो माणूस उठून पळणार होता. सरांनी त्याला कसं समजावलं, किती वेळ समजावलं, ते सांगत बसत नाही. पण त्याच दुपारी ऑटोत आम्ही तिघं, मधे तो रुमाल मांडीवर धरून, सिव्हिल लाइन्सला गेलो. रीतसर अर्ज झाला, नाणी जमा झाली. परतताना एकदम बेसाच्या चौकात सर म्हणाले, "डाव्या हत्तीची सोंड जरा आखूड होती. पाह्यलं का तू?" पुढे कित्येक महिने काहीही बोलणं चाललेलं असताना ते मधेच ती सोंड काढत.

आता ते सांगते जे सांगायला मला आवडत नाही.

मागल्या भाद्रपदात सरांच्या छातीत दुखायला लागलं. धंतोलीतल्या दवाखान्यात दाखल केलं, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बायपास करायचं ठरवलं. मला सर दिसले ते एवढेसे झालेले. माझा हात धरून म्हणाले, "वंदना, मले लई भेव लागून राहिलं." जन्मभर सगळ्यांना भ्यायला शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि मी दुसऱ्या हातानं उगाच त्यांची चादर नीट करत बसले. त्यांची जुनी फाइल घरी राहिली होती. ती आणायला मी संध्याकाळी बेसाला गेले.

काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात पितळी परात. परातीत त्रेचाळीस देव. एका वाटीत भिजवलेली चिंच आणि बाजूला खड्याच्या मिठाचा डबा.

"वंदना, बरं झालं आली," त्या म्हणाल्या. "माह्या घरात त्रेचाळीस देव उपाशी आहेत वं. तीस वर्सं झाले. ना दिवा, ना फूल, ना अंघोळ. चोरावाणी डब्यात कोंडून ठेवले यायनं. कोनत्या घरात देव असे ठेवतात? मले मूल नाही झालं तवाबी मी बोलली नाही. म्हटलं, असन माह्या नशिबाचं. पण उद्या सकाळी यायची छाती फाडनार आहेत."

त्यांनी एक नाणं उचलून दाखवलं. तो वारा होता.

"पाह्य, कसे काळेकिट्ट झाले. असे कसे मांडू पूजेले? चिंच-मिठानं उजळवतो म्हटलं. हे म्हनत होते, मीठ नको, पण हे तं साऱ्याच गोष्टीले नको म्हनतात. तू शिकेल आहे त्यातलं. तू सांग, काही होते का?"

आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी, समया, देव सगळे चिंच-मिठानंच उजळतात. माझ्या आईनं तसंच केलं, मी तसंच करते. पण ही नाणी भांडी नव्हती. चिंचेचं आंबट पाणी वरचा दोन हजार वर्षांचा थर काढून टाकणार, आणि मीठ आत शिरणार. ती बाटलीतली पोपटी भुकटी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. या शहरात त्या क्षणी हे जाणणारी माणसं दोन होती. एक दवाखान्यात नळ्या लावून झोपला होता आणि दुसरी परातीसमोर उभी होती.

मी "नाही" म्हणाले असते तर काकूंनी ऐकलं असतं. देव काळेच ठेवून त्या रात्रभर बसल्या असत्या, आणि सकाळी काही बरंवाईट झालं असतं तर ते कोणामुळे? हा विचार माझ्या मनात आला. मी रसायनशास्त्राची बाई, देवाधर्माचं फारसं न करणारी, पण त्या स्वयंपाकघरात मला त्या परातीतल्या देवांची भीती वाटली. खोटं कशाला बोलू?

"काही नाही होत, काकू," मी म्हणाले. "लावा."

एवढंच नव्हे, चिंच त्यांच्या हातानं कोळली जाईना म्हणून ती मीच कोळून दिली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काकूंनी जमिनीला डोकं टेकवलं. देवघरात लाल कापडावर त्रेचाळीस देव मांडलेले, सगळे नव्या पैशासारखे लखलखीत, प्रत्येकाला हळद-कुंकू. सर घरी येईपर्यंत देव हलवायचे नाहीत, असा नवस त्या बोलल्या होत्या. बाहेर पावसाची झड लागलेली, भिंतींना ओल, कपडे वाळेनात. मी रोज संध्याकाळी जाऊन नमस्काराच्या निमित्तानं खाली वाकायची आणि एकेक नाणं बघायची. आठव्या दिवशी सूर्याच्या खांद्यावर पहिला फिकट ठिपका दिसला. नवव्या दिवशी आणखी तिघांवर. मला रात्रीची झोप येईना. टाके ओले असताना सरांना हे कळलं तर काय होईल, हा एकच प्रश्न डोक्यात घोंघावत राही.

सर घरी आले. आल्यापासून त्यांची नजर कपाटाकडे. "डबा उघडला नाही ना कोनी? झड लागली आहे," त्यांनी दोनदा विचारलं. काकूंनी दोन्ही वेळा पेज आणायचं निमित्त काढलं. चौथ्या दिवशी सकाळी, मी तिथेच असताना, ते भिंतीला धरून उठले आणि कोणी काही म्हणायच्या आत देवघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

समईच्या उजेडात सगळे देव चमकत होते.

"कुसुम, कशानं धुतले?"

"चिंचेनं अन् मिठानं," काकू म्हणाल्या. "वंदनेले विचारूनच केलं. ती म्हने, काही होत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. आता हा माणूस ओरडेल, छातीला हात लावून खाली बसेल आणि सगळं माझ्यामुळे होईल, अशी माझी खात्री झाली होती. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही.

"चांगले उजळले," सर म्हणाले.

काकूंना रडू फुटलं. "तुमी रागावले नाही?"

"काहून रागावू? वाचलो ना मी." ते हळूच पाटावर बसले. "पन एक आहे, कुसुम. देवाले एकदा अंघोळ घातली का मंग रोज घाला लागते. मधातच सोडता येत नाही. अन् नळाचं पानी नको. शुद्ध पाह्यजे. वंदना आनून देईन."

निघताना फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं. "तुले माहीत होतं."

"हो, सर."

"मंग काही होत नाही असं काहून सांगतलं?"

"भीती वाटली."

त्यांनी मान हलवली. ती समजल्याची होती की निषेधाची, मला अजून कळलेलं नाही. "बॅटरीत टाकतात ते पानी आन. वीस लिटर," एवढंच म्हणाले. त्यानंतर महिनाभर कामाखेरीज ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते मला योग्यच वाटलं.

कामाला मात्र लागलो. बॅटरीचं पाणी म्हणजे मीठमुक्त पाणी. रोज सकाळी काकू एकेका देवाला त्यात अंघोळ घालत आणि दिवसभर वाटीत बुडवून ठेवत. "देव जलात आहेत" असं त्या शेजारणींना सांगत. संध्याकाळी सर ते वापरलेलं पाणी चष्मा लावून तपासत. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की दुधाळ. रोज दुधाळ. महिन्यानंतर काही वाट्यांमधलं पाणी नितळ यायला लागलं. एक देव नितळ निघाला की सर बोट वर करून मला आकडा दाखवत, बोलत नसत. असे सव्वीस वाचले. सतरांच्या पोटातलं मीठ निघेना. दिवाळीपर्यंत त्या सतरांवर हिरव्या फुटकुळ्या आल्या, काठ झिजू लागले. वारा त्या सतरांत होता.

आणि मग काकूंना ते दिसलं. दिसणारच होतं.

"देव कोपले वं," त्या मला म्हणाल्या. "काही चुकलं माह्याकडून. आता देव यायले नेतील." त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं. आठ दिवसांनी दुसऱ्या वेळचंही अर्धं. सर झोपले की त्यांच्या नाकाशी हात धरून श्वास बघत बसायच्या. हे मला सरांनीच नंतर सांगितलं. झोपल्याचं सोंग घेऊन ते काकूंचा हात नाकाशी येताना अनुभवत होते.

"सर, ती सतरा बाहेर पाठवू," मी म्हणाले. "जुनी नाणी वाचवणं हेच ज्यांचं काम आहे त्यांच्याकडे. वर्षभर लागेल, पण निम्मी वाचतील. वारा वाचेल."

"वाचन," सर म्हणाले. "अन् बाकीचे? भुकटी होऊन परत आले का तेच पाहत बसन ती. अन् त्यातच मी गेलो तर? मंग तर तिले कोनी समजावू शकत नाही. जन्मभर म्हनत राहीन, माह्या हातानं झालं." मग महिनाभरात पहिल्यांदा ते माझ्याशी नीट बोलले. "मी भेलो जन्मभर. मले सवय आहे. तिनं काहून भ्यावं?"

त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना समोर बसवलं. "मूर्तीले चीर गेली तर आपन काय करतो?"

"शिरवतो. नदीत सोडतो."

"मंग? देव रागावून चिरते का? काम झालं का तो जाते. या सतरांनी मले वाचवलं, त्यायचं काम झालं. आता त्यायले शिरवा लागते. नाही शिरवलं तर पाप."

काकू उठून गेल्या, आणि आतून ताट वाढल्याचा आवाज आला. त्या पोटभर जेवल्या.

सर त्यानंतर अडीच महिन्यांनी गेले, दुपारी वामकुक्षीत. काकू खूप रडल्या, पण घाबरल्या नाहीत. देव कोपले, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "देवायनं चार महिने जास्तीचे देल्ले," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. उरलेल्या सव्वीस देवांचं त्या अजून करतात. मी पाण्याचे कॅन पोचवते. चिंच कोणी कोळली, मीठ काय करतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. कधी कधी ते तोंडाशी येतं, पण तेवढंच.

मला सर डोळ्यांसमोर येतात ते मात्र दवाखान्यातले नाहीत, घरातले नाहीत. कन्हान नदीवरचे येतात.

आम्ही गाडी करून गेलो होतो. कोवळं ऊन होतं. काकू काठावर नारळ आणि फुलं घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या. सरांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची जन्मजात धास्ती, म्हणून एका हातानं त्यांनी माझं मनगट गच्च धरलं आणि आम्ही घोटाभर पाण्यात उतरलो. सतरा देव माझ्या दुसऱ्या हातातल्या वाटीत होते, सकाळच्या अंघोळीचे ओले. पहिलं नाणं उचलून ते थांबले. माझं मनगट सोडलं. खिशातला धुतलेला रुमाल काढला, नाणं पुसलं, कडा पुसल्या, उलटं करून पुसलं, उन्हात धरून ओल राहिली नाही ना ते पाहिलं. मग वाकले आणि ते कोरडं ठणठणीत नाणं पाण्यात सोडलं.

सतराही नाणी त्यांनी तशीच पुसली. काठावरून काकू विचारत होत्या, "येवढा येळ काहून लागून राहिला?" सरांनी मागे न बघता सांगितलं, "झालंच," आणि पुढचं नाणं रुमालात घेतलं.